इसाक पिंजाऱ्याची रीत

गंगापुरात भांडायला कुणाला फारसं कारण लागत नसे, पण इसाक पिंजाऱ्याशी भांडायचं म्हटलं तर कारण शोधूनही सापडत नसे. माणूस इतका रीतीचा, की कधीकधी त्याचा राग यायचा. गाद्या भरायला कुणाच्या ओट्यावर गेला तरी आधी खाकरायचा, मग हाक मारायचा, मग वहाणा काढायचा, आणि घरातून 'या' येईपर्यंत उन्हात उभा राहायचा.

बापाची ठासणीची बंदूक त्याच्याकडे होती. गावच्या शिवारातलं पीक राखायचं, एवढ्यापुरता सरकारी परवाना. हरभरा पेरला की नदीकडून पारव्यांचे थवे उतरायचे आणि दाणा न् दाणा वेचून न्यायचे. मग सावळीराम बागायतदार इसाकला बोलावून घ्यायचा. इसाक पिंजणाची धनुकली खुंटीला अडकवून बांधावर येऊन बसायचा.

सावळीरामाच्या शेताला लागून इनामदारांचं कुरण होतं. गुडघाभर गवत, बाभळी, आणि त्यात राखलेले तित्तर-लावे. थंडीत इनामदारांचे पाहुणे मुंबईहून, देवळालीहून शिकारीला यायचे. त्या दिवसांत कसं वागायचं हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं, पण इसाकला ते कलम्यासारखं पाठ होतं. शेजारी शिकार असली की आपण बार काढायचा नाही, पाखरं बिथरतात. एरवीही कुरणाच्या दिशेनं नळी धरायची नाही. आपलं पाखरू पलीकडे पडलं तर बंदूक जमिनीवर ठेवायची, राखणदाराला हाक द्यायची, तो 'या' म्हणाला तरच बांध ओलांडायचा. त्यांनी मारलेलं आपल्याकडे पडलं तर ते त्यांचं. विहिरीतल्या पारव्यांना तर हातच लावायचा नाही, विहीर आटते म्हणतात. सावळीरामाची बायको कुसाबाई हसायची. म्हणायची, "इसाकभाई, पाखरं तुमच्या पाया पडून मरत आसतील."

त्या वर्षी, म्हणजे चौतीस-पस्तीसच्या थंडीत, इसाकच्या बायकोला लकवा झाला. गुलजारबीचं डावं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, शब्द तोंडातच विरघळायला लागले. नाशकातल्या हकिमानं सांगितलं, रानातल्या पारव्याचा गरम शोरबा रोज एकदा. पाळीव कबुतर चालणार नाही. आणि चाळीस दिवसांचा चिल्ला पूर्ण होईपर्यंत एक दिवसही खंड पडता कामा नये. पडला तर आधीचं सगळं पाण्यात.

शोरब्यानं लकवा बरा होतो यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण इसाकचा होता. रोज एक पारवा तो पाडायचा, धावत जाऊन धुगधुगी असतानाच बिस्मिल्ला म्हणत मानेवर सुरी फिरवायचा आणि घरी आणायचा. गुलजारबी उजव्या हातानं पाखरू चाचपायची. सगळ्या जन्मात तिनं शेकडो पाखरं सोलली होती, हाताला डोळे फुटले होते तिच्या. मग विचारायची, "हलाल?" इसाक मान डोलवायचा. हा एक शब्द तेवढा तिला नीट यायचा.

आणि एका सकाळी तिच्या डाव्या हाताची करंगळी हलली. इसाकनं स्वतः पाहिली. तो ओट्यावर येऊन बसला आणि कुणाला काही न सांगता बराच वेळ रडला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत इनामदारांची शिकार लागली. शिकार चालेल तोवर गावच्या शिवारात बार काढणं रीतीला धरून नव्हतं, आणि शिवाराबाहेर परवाना चालत नव्हता. सावळीराम म्हणाला, "इनामदारांना सांग ना जाऊन. बायको आजारी हाय म्हनावं, एक पारवं पायजेल."

"पाहुन्यांच्या दिवसात आपलं रडगानं कुटं न्यायचं, आण्णा?" इसाक म्हणाला.

"भीड भिकेची बहीण रं बाबा," कुसाबाई आतून म्हणाली. इसाकनं ऐकलं आणि सोडून दिलं.

तरीही तो सकाळी बांधावर येऊन बसला. बंदुकीचा घोडा उतरवलेला, बाराची टोपी काढून खिशात. पलीकडे हलगी वाजत होती, हाकारे ओरडत होते, बार उडत होते. आवाजानं उठलेले पारवे डोक्यावरून गेले, पुन्हा आले, समोरच्या बाभळीवर बसले. नेम धरायचीही गरज नव्हती इतके जवळ. इसाक बघत राहिला. ऊन चढलं तसं त्याच्या मनातलं सगळं हळूहळू बधिर होत गेलं. भूक नाही, राग नाही, काही नाही. बायकोचं अर्धं अंग असंच असेल का, एवढं एकदा त्याच्या मनात आलं.

दुपारी एक पारवा पलीकडून गिरक्या घेत आला आणि त्याच्यापुढेच ढेकळांत पडला. पंख मोडला होता, पण जिवंत होता. इसाकनं तो उचलला. ऊबदार. तळहाताखाली त्याचं काळीज धडधडत होतं. कमरेची सुरी त्यानं काढली. हातातोंडाशी घास आला होता. बिस्मिल्ला म्हणायचं आणि सुरी फिरवायची, पुढचं अल्ला बघेल.

"इसाकचाचा, आमचं पाखरू पडलं का हो तिकडं?" बांधावर केरू राखणदार उभा होता.

'नाही' म्हणता आलं असतं. 'मला दे' म्हणता आलं असतं. पण उभ्या जन्माची सवय होती. मन काही ठरवायच्या आधीच हात पुढे गेला. केरूनं पारवा घेतला, रामराम केला आणि गवतात दिसेनासा झाला. सुरी इसाकच्या दुसऱ्या हातात तशीच राहिली.

दिवस मावळायला केरू परत आला. हातात सुतळीनं पाय बांधलेली पारव्यांची जुडी. "धन्यानं धाडलीत. म्हनले, पाहुन्यांच्या अंगावरून थवे गेले, पन पलीकडून एक बार झाला नाय. इसाकमियांसारखा रीतीचा मानूस नाय. त्यांना आमच्याकडून द्या."

इसाकनं जुडी घेतली. मानाचं परत करत नाहीत. सगळी पाखरं थंड होती. मोडक्या पंखाचा तो पारवाही त्यांत होता, मान मुरगाळलेला.

"खूश नाय का?" केरूनं विचारलं.

"मेलेलं आमाला चालत नाय, केरू. जितेपनी सुरी फिरावी लागती."

केरू त्याच्याकडे बघतच राहिला. "मंग मगाशी जितं व्हतं तवा का नाय बोलला? मी काय ते पाहुन्यांना दावनार व्हतो? तिथंच मान मुरगाळून पिशवीत टाकलं. बोलायचं व्हतं चाचा, दिलं आसतं."

इसाकनं जुडी खांद्याला लावली आणि घराची वाट धरली.

घराजवळच्या चिंचेखाली तो थांबला. मोडक्या पंखाचा पारवा त्यानं जुडीतून सोडवला आणि मेलेल्या मानेवर सुरी फिरवली. बिस्मिल्ला म्हणायला तोंड उघडेना, म्हणून नुसतीच फिरवली. ज्यानं दुसऱ्याच्या बांधावरचं बोर कधी उचललं नाही, त्यानं त्या दिवशी बायकोला फसवायचं ठरवलं. उरलेली पाखरं शेजारच्या गेणूच्या ओसरीत ठेवली.

गुलजारबी जागी होती. तिनं नेहमीसारखा उजवा हात पुढे केला. इसाकनं पारवा हातात दिला. तिची बोटं मानेशी गेली. काप होता. पण कापाभोवतीची पिसं कोरडी होती, आणि मेल्यावर कापलेल्या पाखराचं रक्त सांडत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"हलाल?" तिनं विचारलं.

इसाकनं मान डोलावली.

ती त्याच्याकडे बघत राहिली. वाकड्या तोंडामुळे ती रागावली आहे की हसते आहे, ते कळेना. मग तिनं पारवा बाजूला ठेवला आणि त्याच हातानं त्याचं मनगट धरलं. "भूक नहीं," ती म्हणाली. फार वेळ लागला तिला एवढं म्हणायला. हात मात्र तिनं सोडला नाही.

उजाडायच्या सुमाराला तिला दुसरा झटका आला, आणि त्यात ती गेली. तेव्हाही मनगट तिच्या हातातच होतं. बायाबापड्या जमल्या, रडारड झाली. इसाकच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. कुणीतरी चहा दिला, तो त्यानं प्यायला. कफनाचं कापड किती लागेल विचारलं, ते त्यानं बरोबर सांगितलं. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. धीर कसला, तो तिथं नव्हताच.

कब्रस्तानची वाट कुरणाच्या कडेनं जाते. पलीकडे शिकार चालूच होती, हलगी वाजत होती. जनाजा सावळीरामाच्या बांधाशी आला आणि हलगी थांबली. हाकारे गप्प झाले. बार बंद झाले. इतकं शांत झालं, की खांद्यावरच्या लाकडाची करकर ऐकू यायला लागली.

बांधावर केरू मुंडासं काढून उभा होता. "धन्यानं बार थांबिवलेत, चाचा," तो हळूच म्हणाला. "जनाजा जाईस्तवर कुनी उडवायचा नाय म्हनले."

बार थांबले तसे कुरणावर घिरट्या घालणारे पारवे बांध ओलांडून अलीकडे उतरले. बाजरी काढलेल्या मोकळ्या रानात, इसाकच्या पावलांपासून दोन हातांवर, निवांत दाणे टिपायला लागले. अलीकडे उतरले होते, म्हणजे आता ते कुणाचेच नव्हते. जिवंत होते. इसाकनं ते पाहिलं.

मग केरूच्या मागे, गवताच्या कडेला उभे असलेले इनामदार त्याला दिसले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली होती. इसाकच्या एका खांद्यावर गुलजारबी होती. दुसरा हात मोकळा होता, तो आपोआप वर गेला आणि त्यानं सलाम केला.