रहस्यकथा लिहिणारा मास्तर

कशेडी घाटात दरड कोसळली आणि आमची एसटी अडकली. मी एका नॉर्वेजियन लेखकाची रहस्यकथा वाचत होते. शेजारी बसलेल्या पोलादपूरच्या आजींनी विचारलं म्हणून त्यांना गोष्ट सांगितली.

"पोलिसात व्हता काय तो लिवणारा?"

"नाही, शाळेत मास्तर होता. आता त्याची पुस्तकं जगभर खपतात."

"मग मास्तराला खून कसं सुचलं गो?"

मलाही कुतूहल वाटलं. मोबाइलवर त्याची मुलाखत शोधली. त्याच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील घरातून गेले, ते परतलेच नाहीत. त्यांचं काय झालं, कुणालाच कळलं नाही. म्हणून त्याने पहिली कादंबरी लिहिली. तिच्यात शेवटी सगळं कळतं.

मी हे आजींना सांगितलं.

"त्या पोरीनं वाचली काय ती?"

मी मुलाखत पुन्हा वाचली. हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.