मोटर कोणी भरली?

कोराडी रोडवर माझ्या पीठगिरणीला लागून गिरिधरचं दुकान आहे. शेतातल्या जळालेल्या मोटरी येतात, तो नवी तार भरून देतो. गिरिधर सातवी पास. त्याची बायको शामला आयटीआय झालेली, इलेक्ट्रिशियन, वर्गात पहिली. आणि बसायची कुठं? तर पडद्याआड! बाई मोटर भरते म्हटलं की गिऱ्हाईक पळतं, असं गिरिधरचं म्हणणं. तार ती गुंडाळायची, पण फेरे किती ते हा सांगायचा. शिकलेल्या माणसाला नुसतं हातानं राबवायचं आणि वर धंदा वाढत नाही म्हणून रडायचं, हे गणित मला आजवर कळलेलं नाही.

उस्तादानं गिरिधरला एकच शिकवलं होतं: जुने फेरे मोजायचे, नवे तेवढेच भरायचे.

यंदा रामटेककडच्या धोंडबाची मोटर त्यानं दोनदा भरून दिली, दोनदा जळाली. तिसऱ्यांदा धोंडबाचा आवाज माझ्या गिरणीच्याही वर गेला.

"धान वाळून राहिलं गा! आता जळली तं गावातल्या साऱ्या मोटरी दुसरीकडे नेतो."

त्या गावावर गिरिधरचं निम्मं दुकान चालायचं.

धोंडबा गेल्यावर शामला बाहेर आली. "आधीच्या मिस्त्रीनंच फेरे कमी भरले असन तं? कमी फेऱ्यानं मोटर तापून जळते. तुम्ही त्याचीच चूक मोजून राहिले ना!"

"मंग कसं करतं वं?"

तिनं मोटरीच्या पाटीवरचे आकडे घेतले, कागदावर गणित मांडलं आणि फेरे वाढवले. गिरिधर बघत राहिला.

पंधरा दिवसांनी धोंडबा शेजाऱ्याची मोटर घेऊन आला. "गिरिधर, तुह्या हाताले तोड नाही गा. धान वाचलं."

गिरिधर गप्प बसला असता तरी कोणाला कळलं नसतं. मला तर वाटलं, बसतोच हा गप्प. पण तो खाली बघत म्हणाला, "मले नाही जमलं, भाऊ. शामलानं भरली. ते शिकली आहे ना."

धोंडबानं मोटर उचलून पडद्यापाशी नेऊन ठेवली.

"वहिनी, हे कधी भेटन?"

शामलानं पडदा सारला.

"बुधवारी या."

पडद्याआड बसायला लागल्यापासूनच्या अकरा वर्षांत ती गिऱ्हाइकाशी बोललेलं हे पहिलं वाक्य.