बिननंबरी गाडी आणि आमचे साडभाऊ

आमच्या साडभाऊंइतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कोणी आणली नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. पुण्याकडे ज्यांना साडू म्हणतात ते. माणूस सज्जन. कुठलं व्यसन नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. भंडाऱ्याच्या बाजारात त्यांचं वडिलांपासूनचं कापडाचं दुकान आहे, आणि तिथे ते गिऱ्हाइकाला धोतराचा विरलेला भाग आपणहून उलगडून दाखवतात. तरीसुद्धा त्यांच्यासोबत बाहेर पडायचं म्हटलं की मी आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकायचो, आसपास कुणी नवी गाडी तर घेतलेली नाही ना. कारण नंबर न पडलेली कोरी गाडी दिसली की या सज्जन माणसाच्या अंगात काहीतरी संचारायचं आणि मला तोंड लपवायला जागा उरायची नाही.

नियम साधा आहे. नव्या गाडीची नोंदणी होऊन, पुढे आणि मागे ती सरकारी होलोग्रामची, एकदा बसवली की मोडल्याशिवाय न निघणारी नंबरपाटी लागेपर्यंत शोरूमवाल्याने गाडी बाहेर सोडायची नाही. दूरगावी न्यायचीच असेल तर तात्पुरता नंबर घ्यायचा, तोही पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत. हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. पण नियम ठाऊक असणं आणि तो पाळणं यांच्यामध्ये आपण सगळे जे ऐसपैस अंतर ठेवून राहतो, ते साडभाऊंनी कधी ठेवलं नाही. आपल्याकडे दसऱ्याचा मुहूर्त चुकवायचा नसतो, शोरूममध्ये कुणी ना कुणी ओळखीचा निघतोच, आणि "घेऊन तं जा भाऊ, नंबर येते चार दिवसांत" असं तो म्हणतोच. साडभाऊंच्या लेखी अशी गाडी ही गाडीच नव्हती. "लोखंड हाये ते," म्हणायचे, "गाडी नंबर लागल्यावर होते." नव्या माणसाला वाटायचं, यांच्या जवळच्या कुणाला बिननंबरी गाडीनं उडवलं असेल बिचाऱ्याला, म्हणून असे झाले. तसलं काहीही झालेलं नव्हतं. नियम आहे म्हणून पाळायचा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि नेमकं तेच कुणाला पटायचं नाही.

त्यांनी स्वतः स्कूटर घेतली तेव्हाची गोष्ट. दसऱ्याचा दिवस, शोरूममध्ये ही गर्दी. मॅनेजरने किल्ली हातात ठेवली आणि नंबर मागून लावू म्हणाला. साडभाऊंनी किल्ली परत दिली. ताईंना, म्हणजे माझ्या मेव्हणीला, रिक्षाने बोलावून घेतलं आणि शोरूमच्या फरशीवरच हळद-कुंकू, नारळ, आरती असा सगळा कार्यक्रम उरकला. नारळाचं पाणी टाइल्सवरून वाहत गेलं, दोन विक्रेते फडकं घेऊन धावले, आणि हे दोघं नवराबायको रिक्षात बसून घरी आले. स्कूटर तिथेच. पुढे नंबर येईपर्यंत दुकान बंद केलं की ते रोज शोरूममध्ये डोकावून तिची विचारपूस करायचे, दवाखान्यात भरती केलेल्या माणसाची करावी तशी. मॅनेजर शेवटी इतका कंटाळला की गाडी घेऊन जा, नंबरपाटी आली की मीच घरी येऊन लावतो म्हणाला. "पाटी नोका आणू," साडभाऊ म्हणाले, "मी गाडी घ्याले येतो. पाटी तिथंच लावा लागते."

नव्या गाडीचा पेढाही ते नंबर आल्याशिवाय खात नसत. मी माझी छोटी गाडी घेतली तेव्हा मोठ्या हौसेने त्यांच्याकडे पेढे घेऊन गेलो. त्यांनी बाहेर येऊन गाडीला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, पेढा घेतला आणि आत जाऊन स्टीलच्या डबीत ठेवला. "तुमचा पेढा माह्यापाशी जमा हाये," म्हणाले. माझी बायको त्या रात्री जेवली नाही. पण पाटी लागल्याचं कळलं तसे ते स्वतः आमच्याकडे आले, गाडीपुढे उकिडवे बसून नंबर मोठ्याने वाचला, मागे जाऊन पुन्हा वाचला, दोन्ही नंबर एकच असल्याची खात्री केली, आणि खिशातून तो पेढा काढला. तो वाळून खडा झाला होता. साडभाऊंनी तो कडाकडा चावून संपवला आणि मग मला अशी मिठी मारली की माझा सगळा राग गेला. "आता अभिनंदन," म्हणाले. "मस्त गाडी घेतली तुमी."

लग्नांमध्ये तर मी त्यांच्या जवळपासही थांबत नसे. लोक अक्षता टाकायला मांडवात, आणि हे बाहेर गाड्यांच्या रांगेत. गाडीची पूजा करताना आपल्या बायका नेमकं नंबरावरच कुंकवाचं स्वस्तिक काढतात, वर हार लोंबता सोडतात. साडभाऊ प्रत्येक गाडीसमोर वाकून, खिशातल्या रुमालाने तेवढं कुंकू पुसायचे आणि हार उचलून आरशाला अडकवायचे. एकदा शहापूरच्या एका माणसाच्या आईने त्यांना पाहिलं. म्हातारीने सगळा मांडव गोळा केला. "देवाचं कुंकू पुसून राहिला हा!" साडभाऊ लाल रुमाल हातात घेऊन शांतपणे समजावत होते, "माय, बॉनटवर लाव ना, केवढं मोठं बॉनट हाये. नंबरले कायले लावतं?" म्हातारीचा मुलगा बाह्या सरसावून पुढे आला. वरपक्षाच्या लोकांनी मला विचारलं, हे तुमच्याकडचे का? मी कानाला मोबाइल लावला आणि कुणीही पलीकडे नसताना बराच वेळ हो-हो म्हणत राहिलो.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण याच पायी त्यांच्या मुलीचं एक स्थळ गेलं. पाहुणे आले ते गाडीच्या नंबराचे आकडे वळवून-वाकवून नक्षीदार केलेल्या पाटीनिशी. पोहे यायच्या आधीच साडभाऊंनी मुलाला विचारलं, "हा नंबर हाये का रांगोळी?" मुलगा हसला. मुलाचे काका हसले नाहीत. पोहे तसेच राहिले. आमची भाची काही रडली-बिडली नाही, पण कितीतरी दिवस वडिलांच्या पंगतीला बसली नाही. ती वाढून द्यायची आणि आत निघून जायची, आणि साडभाऊ खाली मान घालून जेवायचे.

म्हणून तुमसरचं स्थळ आलं तेव्हा घरात सगळे श्वास रोखून होते. धान्याच्या व्यापारातलं घर, मुलगा शिकलेला, शांत. मुख्य म्हणजे भाचीला तो मनापासून आवडला होता. दोघं फोनवर बोलत होते आणि फोन ठेवल्यावरही तिच्या चेहऱ्यावर ते बोलणं टिकून असायचं. पसंती पक्की करायला म्हणून पाहुणे यायचे होते, मीही मदतीला गेलो होतो. दारात गाडी थांबली. नवी कोरी, पांढरीशुभ्र, बॉनेटवर लाल रिबिनीचं फूल, सीटांवर प्लॅस्टिक तसंच. आणि नंबराच्या जागी पुढे-मागे नुसती रिकामी चौकट.

ताईंनी खिडकीतून पाहिलं आणि यजमानांना हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं. मी तिथेच पाण्याचे ग्लास भरत होतो.

"आज तुमी एक शब्द बोलान ना," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "तं मी आत्ताच्या आत्ता दिघोरीले माहेरी निघून जाईन."

"मी काय बोललो?"

"बोलले नाही. पण तोंडापर्यंत आलं हाये, दिसून राह्यलं मले."

साडभाऊंनी दाराकडे पाहिलं. पलीकडच्या खोलीत भाची साडीच्या निऱ्या पुन्हा पुन्हा बसवत होती. त्यांनी मान हलवली आणि बाहेर गेले.

मुलाचे वडील मोकळ्या स्वभावाचे, घर दणाणून सोडणारे गृहस्थ होते. बसल्या बसल्या त्यांनी पेढ्यांचा डबा उघडला. "पयले नव्या गाडीचा पेढा घ्या साहेब, मंग बाकीच्या गोष्टी!" साडभाऊंनी पेढा हातात घेतला. मला वाटलं, आता तो खिशात जाणार. त्यांनी एकदा पेढ्याकडे पाहिलं आणि तोंडात टाकला. गिळायला त्यांना वेळ लागला, पण गिळला. ताईंनी पदराने डोळे टिपले. पाहुण्यांना वाटलं, मुलगी जाणार म्हणून.

सगळं गोडीगुलाबीत ठरलं आणि तिथेच थांबलं असतं तर बरं होतं. पण पाहुण्यांना हुरूप आला. "चला, शहापूरपर्यंत एक चक्कर मारून येऊ. हायवेवर चाय पिऊ. पाहा तं खरं, गाडी कशी चालते!" साडभाऊंनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी भिंतीकडे. ते उठले आणि मानाच्या पुढच्या सीटवर जाऊन बसले. बेल्ट मात्र न सांगता लावला. बाजारातून गाडी निघाली तेव्हा ओळखीचे दुकानदार नमस्काराला हात वर करायचे आणि हात तसाच अर्ध्यावर ठेवून बघत राहायचे. साडभाऊ गुडघ्यांवर हात ठेवून सरळ समोर बघत होते. मागे मी बसलो होतो, आणि मला त्यांची फक्त मान दिसत होती. ती कानापर्यंत लाल झाली होती.

शहापूरला टपरीसमोर गाडी थांबली तसे साडभाऊ सगळ्यांच्या आधी उतरले, मागे गेले आणि त्या रिकाम्या चौकटीला पाठ लावून उभे राहिले. चहाचा ग्लास त्यांनी तिथेच मागवला. पुढच्या चौकटीकडे त्यांची नजर गेली, मग माझ्याकडे. मी काय ते समजलो आणि पुढे जाऊन उभा राहिलो. आम्ही दोघं घरंदाज माणसं हातात चहा घेऊन एकाच गाडीच्या दोन नंबरपाट्या होऊन उभे होतो. आणि नशीब असं, की टपरीवर तोच माणूस बसलेला, ज्याच्या आईचं कुंकू लग्नात पुसलं होतं.

"अरे वा, नवी गाडी!" तो उठून आला. "सरका ना भाऊ जरासे. नंबर पाहू द्या, नंबर!" बाकावरची माणसं हसायला लागली. साडभाऊ हलले नाहीत. "काहून? आज रुमाल नाही आणला का?"

मुलाचे वडील ग्लास घेऊन मागे आले. "काय म्हणून राह्यले हे?"

"काही नाही," साडभाऊ म्हणाले. "गाडी चांगली हाये म्हणते."

माझ्या माहितीत ते त्यांचं पहिलं खोटं बोलणं. त्यांच्या हातातला चहा हिंदकळून सदऱ्यावर सांडला, तरी ते जागचे हलले नाहीत. सगळे गाडीत बसेपर्यंत ते तिथेच उभे होते.

लग्न झालं. चांगलं झालं. त्या गाडीला लवकरच नंबर आला आणि ती गोष्ट कुणाच्या लक्षातही राहिली नाही. साडभाऊ मात्र गप्प झाले. लग्नांत ते मांडवातच पहिल्या रांगेत बसू लागले, बाहेर गाड्यांच्या कपाळी कितीही कुंकू असो. कुणी नव्या गाडीचा पेढा दिला तर मुकाट्याने खाऊ लागले. सुरुवातीला मी सुटकेचा श्वास सोडला. मग मला ते बघवेना. एकदा मीच त्यांना चिमटा काढला, "साडभाऊ, ती बघा चौकात, बिननंबरी उभी हाये." त्यांनी चौकाकडे पाठ फिरवली. मग म्हणाले, "कोणत्या तोंडानं बोलू?"

पुढे दिवाळसण आला. जावयाने धनत्रयोदशीला स्वतःची गाडी घेतल्याचं आणि दोघं त्याच गाडीने येत असल्याचं कळलं होतं. ताईंनी गाडीच्या पूजेचं ताट तयार ठेवलं. आम्ही सगळे दारात उभे होतो. आली ती बसस्टँडवरची ऑटो. आधी भाची उतरली, मागून जावई, नव्या कपड्यांना घाम, दोन्ही हातांत पिशव्या.

"यष्टीनं आलो," तो हसत म्हणाला. "गाडी घरी हाये. हिनं आत पायच नाही ठेवला. नंबर आल्यावर, म्हणते."

ताई लेकीवर तडकल्या. "सणाच्या दिवशी जावयाले यष्टीत उभं करून आणलं? लाज नाही वाटली तुले?"

"बाबाच्या दारात बिननंबरी गाडी कशी आणू?" भाची म्हणाली. ती वडिलांकडे बघून हसत होती. तिला वाटलं असणार, ते खूश होतील.

साडभाऊ जावयाच्या हातातली पिशवी घेत होते. ते तसेच थांबले. "मी बसलो होतो, बाई," ते म्हणाले. "तुह्या सासऱ्याच्या गाडीत. पाठीनं झाकून बी उभा होतो."

जावई आमच्या तोंडांकडे बघत राहिला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"माहीत हाये मले," भाची म्हणाली. मग जवळ जाऊन, फक्त त्यांनाच ऐकू जावं अशा बेताने म्हणाली, पण मी शेजारीच होतो म्हणून मलाही ऐकू आलं, "माह्यासाठी बसले होते तुमी. म्हणून तं मी नाही बसली."

साडभाऊंनी मान वर केली नाही. दोन्ही पिशव्या उचलल्या आणि आतल्या खोलीत ठेवायला म्हणून गेले. ओवाळणीच्या ताटातलं निरांजन विझत आलं होतं, जावई पाटावर बसून वाट पाहत होता. ते बराच वेळ बाहेर आले नाहीत, आणि त्यांना हाक मारायला आमच्यापैकी कुणी पुढे झालं नाही.