दिसलं का, सर?

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजात जे होते, त्यांना बाई आठवत असतील. मायक्रोस्कोपवरची मान न उचलता किंचित बाजूला सरकायचं आणि विचारायचं, "दिसलं का, सर?"

त्या भौतिकशास्त्र शिकवायच्या, मी विभागप्रमुख. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात खिडकीला छत्रीचं काळं कापड ठोकून त्यांनी अंधार केला होता. तिथे काचपट्टीवरच्या पातळ जेलीत चमकता रंग लावलेला डीएनए, आणि दोन बाजूंना दोन तारा. वीज नसली की रेणू सुंभाच्या गुंडाळीसारखा पडून राही. बाई त्याला दटावायच्या, "ऊठ मेल्या, उन्हं वर आली."

विजेची दिशा सावकाश उलटसुलट केली की तो गोळा एका तारेकडे निघे, अर्ध्यातून परत फिरे. भराभर केली की त्याला कुठेच जाता येत नसे. मग तो जागच्या जागी लांब ताणला जाई. काळोखात एक उजळ रेघ.

"माझंच चित्र," बाई हसायच्या. "पुण्याला जायचंय आणि पावसला घरी आई आहे. जाणं नाही, ताण तेवढा."

तारांची वीज बंद केली की रेघ आकसून पुन्हा गोळा. "निजला," म्हणत त्या डबा उघडायच्या आणि मला आंबापोळीचा तुकडा द्यायच्या.

पुढे बाईंच्या बहिणीने आईला वर्षभर सांभाळायचं कबूल केलं. पुण्याचे एक प्राध्यापक बाईंचं काम बघायला यायचे होते. त्यांना पटलं, तर त्यांच्या प्रयोगशाळेत वर्षभराची जागा होती.

आदल्या संध्याकाळी बाईंनी मला स्टुलावर बसवलं. "चष्मा काढा हो, डोळा लावा. रेघ राहू दे, शेजारचा धुळीचा कण बघा."

कण स्थिर होता. म्हणजे जेलीतलं पाणी वाहत नव्हतं. ताणत होता तो रेणूच.

"दिसलं का, सर?"

"दिसलं."

बाईंनी चक्क टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले आणि लाईट गेली. ती येईना. त्यांची गाडीची वेळ झाली. उठता उठता ते म्हणाले, "पाणी तापून वाहत असेल. असल्या साधनांवर भास होतात. सर, तुम्ही स्वतः पाहिलंत?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. एवढ्या मोठ्या माणसापुढे आपण खुळे ठरू, एवढंच माझ्या मनात आलं.

"मला तरी तसं नक्की काही दिसलं नाही."

बाईंनी खिडकीचं कापड काढलं, झटकलं, घडी घातली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्या मुलांनासुद्धा "कळलं का?" असंच विचारत.

गेल्या हिवाळ्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी पावसला गेलो. पडवीत बसल्या होत्या, डोळ्यावर पट्टी.

"सर ना? आवाजावरून ओळखलं. बसा. खाडीत होडी आलीय म्हणतात. दिसते का?"

"दिसते."

किती सहज आला तो शब्द. त्याच्या मागोमाग दुसराही यायला हवा होता. मी कोकम सरबत संपवलं, "डोळे जपा" म्हणालो आणि उठलो.

पावसाळ्याआधी बाई गेल्या.

दिसलं होतं, बाई. कण जागेवरच होता.