परत चालव

"हं, आता परत चालव."

जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात निकाल लागला, की सगळी गर्दी पहिल्या नंबराच्या टेबलाकडे धावायची. फोटोवाला, पाहुणे, हार घेतलेले मुख्याध्यापक. आमचे नाना तेवढे उलट्या दिशेला निघायचे. दुसरा नंबर आलेलं पोर तोंड पाडून तारा गुंडाळत असायचं. नाना त्याच्यासमोर स्टूल ओढून बसायचे आणि एवढंच म्हणायचे.

जळगावच्या एकाच शाळेत आम्ही विज्ञान शिकवायचो. मी नवखा, ते निवृत्तीला आलेले. त्यांच्या झोळीत टॉर्चचे नवे सेल कायम असत. "निकाल लागेपर्यंत पोरांचे सेल उतरून जातात हो," म्हणायचे.

एका वर्षी पहूरची मुलगी बिस्किटाच्या डब्यांचा यंत्रमानव घेऊन आली होती. तो चार पावलं चालायचा आणि तोंडावर आपटायचा. नाना स्वतः उठून त्याला उभा करायचे, अन् ती पुन्हा बटण दाबायची. बाहेर टेम्पोवाला भोंगा वाजवून थकला. तिच्या बाई आत येऊन म्हणाल्या, "नाना, टेम्पो निघाला."

"निघू द्या. पोरीचा माणूस अजून चालतोय."

मुलगी खुदकन हसली. निकालानंतर पहिल्यांदाच.

तुम्हीही अशी चक्रम माणसं पाहिली असतील. पण नानांना कुणी चक्रम म्हणत नसे, कारण त्यामागचं दुखणं सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी नाना या प्रदर्शनात परीक्षक होते आणि त्यांचा एकुलता एक मुलगा स्पर्धेत. इंजेक्शनच्या सिरिंजा सलाइनच्या नळ्यांनी जोडून, त्यांत रंगीत पाणी भरून त्यानं कापूस वेचणारा हात केला होता. सिरिंज दाबली की हाताची बोटं मिटायची. बापानं पोराला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून नाना त्या टेबलाशी थांबलेच नाहीत. गुणांचा रकाना कोरा सोडला. बेरीज करणाऱ्यानं त्या कोऱ्या रकान्याचं शून्य धरलं, आणि बाकी दोघा परीक्षकांनी भरभरून गुण देऊनही पोरगा दुसरा आला. नानांच्या ते तिथंच ध्यानात आलं होतं. पण स्वतःच्या पोरासाठी कोणत्या तोंडानं भांडायचं? ते गप्प बसले.

"नाना, आता तरी बघा ना," पोरगा म्हणाला.

"घरी पाहू. एसटी चुकेल."

हात चादरीत गुंडाळून दोघं घरी आले. दुसऱ्याच दिवशी पोराला ताप भरला. डॉक्टरांनी मेंदूज्वर सांगितला. पोरगा गेला, आणि चादर सोडायची राहून गेली.

पुढे दरवर्षी प्रदर्शनाच्या बैठकीत नाना एकच मागणी करायचे. "दुसऱ्या नंबराचं यंत्रही बक्षीस समारंभात सगळ्यांसमोर चालवा. वेगळं बक्षीस देऊ नका, भाषण करू नका. लोकांनी नुसतं पाहावं."

"पुढच्या वर्षी पाहू, नाना," अध्यक्ष म्हणायचे. वेळ कमी, पाहुणे घाईत. 'पाहू' म्हटलं, की नाना खाली मान घालून झोळी चाचपायचे. मला त्या अध्यक्षांचा संताप यायचा. निवृत्तीच्या निरोपालाही नानांनी हेच मागितलं, आणि त्यांच्या अंगावर शाल घालता घालता अध्यक्ष पुन्हा तेच म्हणाले.

पुढच्या प्रदर्शनाआधीच नाना गेले. हृदयविकाराचा झटका.

मी भेटायला गेलो तेव्हा नानांच्या पत्नी, आमच्या वहिनी, दिव्याजवळ बसून वाती वळत होत्या. त्या धुळ्याकडच्या, घरात अहिराणीच बोलायच्या. मला पाहून उठल्या आणि माळ्यावरून चादरीतलं गाठोडं काढून माझ्यापुढे ठेवलं.

"भाऊ, हाऊ हात चालाडी देखा ना."

मी सिरिंजांत पाणी भरलं. नळ्या पिवळ्या पडून कडक झाल्या होत्या. दाबताच एक तडकली आणि पाणी फरशीवर सांडलं. बोटं उघडी ती उघडीच राहिली. मला तोंड वर करवेना.

"नही चाले आते," वहिनीच माझी समजूत घालू लागल्या. "तेस्नी कधी देखं नही. मी देखेल शे. आठेच, वातना कापूस उचला व्हता त्यानी." त्यांनी दिव्याजवळच्या कापसाच्या तबकाकडे बोट केलं.

मग त्यांनी सांगितलं. दरवर्षी प्रदर्शनाहून आल्यावर नाना चहासुद्धा न घेता त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसत आणि म्हणत, "हं, आता परत चालव." वहिनी स्वतःच्या हातानं करून दाखवत.

"कसा चालायचा?" मी विचारलं.

वहिनींनी उजवा हात उचलला. थोडा खाली आणला, थांबवला, पुन्हा थोडा खाली आणला. कोपरात तो मुद्दाम अडखळत होता. मग एकेक बोट मिटत त्यांनी तबकातला कापूस उचलला आणि समोर धरला. समोर नानांचं स्टूल होतं.

त्यांनी कापूस तबकात ठेवला आणि हात परत चालवला.