दोडक्याच्या जाळीवरच्या पेशी

परभणीत बसून कॅन्सरवर संशोधन करतो म्हटलं की लोक आधी हसतात, मग हळूच आपला जुना रिपोर्ट काढून दाखवतात. त्यात आमच्या लॅबमध्ये माणसं तीनच: सर, रुखसाना आणि मी. त्यामुळं किस्से साचतात लय, अन् ऐकायला कुणी नसतं. म्हणून तुमच्या डोक्याला ताप.

आधी काम सांगतो. आजारी माणसाच्या रक्तातल्या लढणाऱ्या पेशी काढायच्या, बाहेर वाढवायच्या आणि परत त्याच्याच अंगात सोडायच्या, अशी ही ट्रीटमेंट. नुसत्या प्लास्टिकच्या डिशमध्ये त्यांचं मन रमत नाही. शरीरातल्यासारखी भोकाभोकांची जागा लागते. ती जाळी आम्ही जून दोडक्यापासून बनवतो. माझ्या मामांना रक्ताचा कॅन्सर निघाल्यापासून मी या जाळीमागं हात धुऊन लागलोय.

तर रुखसाना बाजारात गेली. कवळे दोडके बाजूला सारून निबर, वाळके निवडायला लागली. भाजीवाली बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "बाई, नवऱ्यावर एवढा राग बरा न्हाई."

एकदा पेशी वाढवायच्या पेटीला लागणारा गॅस संपला, सोड्यात असतो तोच. सिलेंडर यायला आठवडा. सर थेट स्टँडजवळच्या सोडावाल्याकडं गेले अन् त्याला सगळं समजावलं. त्यानं शांतपणे विचारलं, "पेशींना साधा चालतो का जिरा?"

दसऱ्याचा किस्सा तर कहर. जिवंत पेशी रंग घातल्यावर मायक्रोस्कोपखाली हिरव्या चमकतात. त्या दिवशी अख्खी जाळी लखलखली. सरांनी पेढे वाटले. मग कळलं, खंडेनवमीला सरांनीच मशिनींना हळदकुंकू वाहिलं अन् त्याच बोटांनी जाळ्यांचा ट्रे सरकवला. हळदही तशीच हिरवी चमकते. सर म्हणाले, "पेढे खाल्ले ना सगळ्यांनी? मग गप बसा."

पुढं खरंच जमलं, तेही मामांच्याच रक्तावर. मामा बोरीचे, ऊसतोडीचे मुकादम. दरवर्षी गावातली जोडपी कारखान्यावर न्यायची अन् पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की घरी आणून सोडायची, हे त्यांचं काम. त्यांना लॅबमध्ये बोलावलं. मायक्रोस्कोपला डोळा लावून म्हणाले, "ह्या माझ्या? घरी तर काईच करीत नव्हत्या. हितं बघा कशा वाढायल्यात."

मग विचारलं, "कधी सोडता अंगात?"

सर खिडकीबाहेर बघायला लागले. मलाच सांगावं लागलं. "मामा, ह्या नुसत्या प्रयोगाच्या. माणसाला द्यायची परवानगी नाही आपल्याला. काम झालं की टाकून द्याव्या लागतात." सांगताना मला रडू आवरेना.

मामा म्हणाले, "भाच्या, मी गावातून नेलेलं एकबी माणूस आजवर तिकडं सोडून आलो न्हाई."

चपला काढून ते पेशींच्या पेटीसमोर मांडी घालून बसले. संध्याकाळी सर म्हणाले, "मामा, लॅब बंद करायची वेळ झाली."

"करा की," मामा म्हणाले. "मी हाय हितं."