सभागृहात अडलेली गाय

गुरांच्या डॉक्टरांना खुर्चीत बसायची सवयच नव्हती. सगळी हयात गोठ्यांत उभं राहून गेलेली. स्वतःच्या लग्नातूनसुद्धा हा माणूस एका अडलेल्या म्हशीसाठी उठून गेला होता, आणि बायको ते अजून ऐकवते. पण परवाना चालू ठेवायचा तर अधूनमधून अशा प्रशिक्षणाला हजेरी लावणं भाग होतं. म्हणून गळ्यात कार्ड अडकवून ते त्या थंडगार सभागृहात बसले होते, आणि दवाखाना पहिल्यांदाच एकट्या मुलीच्या हाती होता. मुलगीही गुरांचीच डॉक्टर, पण नवीकोरी.

"तिला तिचं करू दे. उगाच फोन करत बसू नका," असं बायकोने निघताना बजावलं होतं. यांनी फोन केला नाही, नुसता मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. पडद्यावर दुधातल्या स्निग्धांशाचे आलेख येत-जात होते. डॉक्टरांचा पाय एवढा हलत होता की पुढच्या खुर्चीतल्या बाईंनी दोनदा मागे वळून पाहिलं.

फोन थरथरला तसे ते रांगेतल्या सगळ्यांच्या पायांवर पाय देत बाहेर धावले.

"बाबा, कोपऱ्यावरच्या गोठ्यातली पांढरी गाय अडलीय. दोन पाय बाहेर आलेत, डोकं हाताला लागत नाही. पण खुरं मला जरा..."

"अगं, ऐक आधी! मागच्या वेळीही तिच्या वासराची मान वळली होती. हात आत घाल, मान शोध, डोकं पुढे आण. ओढू नकोस!"

"पण बाबा..."

"सांगतोय ना!"

फोन बंद झाला. मग त्यांनी पुन्हा पुन्हा लावला, तिने उचलला नाही. उचलणार कशी, हात खांद्यापर्यंत गाईत! हे कळत असूनही त्यांचा जीव टांगणीला लागला. बॅग घेऊन सरळ निघावं म्हणून ते आत आले. तेवढ्यात व्याख्यान संपलं आणि वक्त्याने विचारलं, "काही प्रश्न?"

डॉक्टर बॅग छातीशी धरून उभेच होते. "दोन पाय बाहेर, डोकं लागत नाही," ते म्हणाले. "काय कराल?"

दुधाच्या व्याख्यानाशी याचा काडीचा संबंध नव्हता, पण सभागृहात जीव आला. पेंगणारे सरसावून बसले. ज्याचा त्याचा हात हवेत अदृश्य गाईत शिरला, कुणी मान वळवतंय, कुणी दोरी अडकवतंय. चांगलाच गलका झाला.

त्यात पुढच्या खुर्चीतल्या बाईंनी विचारलं, "खुरांचे तळवे वर होते की खाली?"

डॉक्टरांनी हातातल्या फोनकडे पाहिलं.

"वर असतील तर पाय मागचे असतील. मग डोकं लागेलच कसं? वासरू उलटं असलं तर तसंच पटकन ओढावं लागतं, नाहीतर आत गुदमरतं. तुम्ही हात घातला होता ना?"

"माझ्या मुलीने घातला होता."

"मग ती काय म्हणाली?"

ती सांगतच होती. यांनीच तिला बोलू दिलं नव्हतं. डॉक्टर मटकन खाली बसले, बॅग मांडीवरच राहिली. पाय आता हलत नव्हता.

चहाच्या वेळी फोन आला. मुलीला धाप लागली होती. "मागचे पाय होते, बाबा. शेपूट हाताला लागलं तेव्हा खात्री झाली. तोवर तुम्ही सांगितलं म्हणून मी मानच शोधत होते. वासरू बाहेर आलं तेव्हा श्वास घेत नव्हतं. पाठ चोळचोळ चोळली, तेव्हा कुठे शिंकलं."

डॉक्टरांना खूप काही विचारायचं होतं. नाळेला औषध लावलं का, वासरामागून जार पडला का, गाय उठली का. सगळं ओठांवर आलं होतं.

"माझं चुकलं," ते म्हणाले.

मुलीने घाबऱ्या आवाजात विचारलं, "बाबा, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"